वेल्डाचे सहा बोल्ट

विमानाचा तुटलेला भाग कुणाच्याही हातात द्या, माणूस पहिल्यांदा काय करतो? दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांना लावून बघतो, बसतात का ते. शंभरातले नव्याण्णव हेच करतात. शिकले-सवरलेले इंजिनिअर करतात, विमान कंपन्यांचे साहेब करतात. अशा माणसावर वेल्डा श्राग जी तुटून पडायची, ते बघायला आजूबाजूचे लोक हातातलं काम टाकून यायचे.

"झालं समाधान? पुसलंस ना सगळं? अरे, त्या तोंडावर लिहिलेलं असतं कसं तुटलं ते, आणि तू एकावर एक घासून मोकळा झालास! बस तिकडे. हात मांडीवर. कशाला हात लावायचा नाही."

आणि समोरचा कितीही मोठा असला तरी मुकाट्यानं हात मांडीवर ठेवून बसायचा.

आमच्या कॅन्ससमधल्या विचिटात अर्ध्या गावाचं पोट विमानांवर. कुणी पंख बनवतं, कुणी खिडक्या, कुणी खुर्च्या. पेनरच्या कारखान्यात मात्र दुरुस्तीला फक्त पाय यायचे, म्हणजे विमान ज्यावर उतरतं ते लँडिंग गिअर. लोक विमान बघतात तेव्हा पंख बघतात, आणि पायांकडे ढुंकून बघत नाहीत. वेल्डाला ह्याचा भारी राग. "पंख काय, हवा उचलते त्यांना," ती म्हणायची, "सगळं ओझं घेऊन जमिनीवर कोण उभं राहतं? पायच ना?"

ती माउंडरिजच्या शेतातली मुलगी. बाप गेला तेव्हा शेत भावाला, एल्डनला मिळालं आणि हिला मिळाली एक गाय. गाय भावाकडेच ठेवून ती एकविसाव्या वर्षी पेनरकडे लागली. पहिली चौदा वर्षं मुलाम्याच्या टाक्यांवर, पुढची सतरा वर्षं खिडकीजवळच्या टेबलावर, भिंग आणि तुटके तुकडे घेऊन. लग्न केलं नाही. चर्चमधल्या बायका खोदून खोदून विचारायच्या, तर म्हणायची, "मी सगळ्यांना भिंगातून बघते ना, म्हणून कुणी पसंतच पडत नाही."

पण त्या भिंगाला डोळा लावला की ती वेगळीच बाई व्हायची. सतरा वर्षांत तिचं नवल एक दिवस कमी झालं नाही. दारावरून जाणाऱ्या माणसाला हाताला धरून ओढून आणायची. "ये, ये, बघ हे. नुसतं बघ!" पोलाद एका दणक्यात ओढून तुटलं तर तुटलेलं तोंड राखाडी, खरबरीत, ताणून तोडलेल्या दोरीसारखं. हजारो वेळा वाकून दमून तुटलं तर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या, एकीमागे एक. वळ्या मोजत मागे गेलं की जिथून सुरुवात झाली तो टाचणीच्या टोकाएवढा ओरखडा सापडायचा. तो सापडला की वेल्डा खुर्चीत मागे टेकून गप्प बसून राहायची. एकदा मालकानं, डुएन पेनरनं, विचारलं, "काय गं, रडतेस की काय?" तर म्हणाली, "अरे, एवढ्याशा ओरखड्यापासून निघून हे इथवर आलं, आणि वाटेतला एकेक दिवस लिहून ठेवलाय त्यानं. मला चर्चमध्येसुद्धा असं होत नाही, डुएन. पास्टरला सांगू नकोस."

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मर्ल गूसन नावाचा वैमानिक नऊ प्रवासी घेऊन ग्रेट बेंडला उतरला. दोन इंजिनांचं छोटं विमान. प्रवासी उतरले, सामान उतरलं, मर्ल आत जाऊन कॉफी ओतत होता. बाहेर विमान एकटं उभं. वारा नाही, कुणाचा धक्का नाही. आणि बंदुकीसारखा एक आवाज झाला, उजवा पाय दुमडला आणि पंख जमिनीला टेकला.

विमान कंपनीनं लगेच निष्कर्ष काढला: मर्लनं विमान आपटलं, तेव्हाच पाय मोडत आला होता, मागाहून पडला एवढंच. माणूस एकोणसाठ वर्षांचा, डोळे गेले असतील, हात गेले असतील. चौकशी संपेपर्यंत घरी बसा.

मर्ल वेल्डाच्याच चर्चमधला, लहानपणी एकाच शाळेतला. त्याची जमीन एल्डनच्या शेताला लागून. रविवारी प्रार्थना संपल्यावर पार्किंगमध्ये तो तिच्याजवळ आला, टोपी हातात घेऊन.

"वेल्डा, त्या पायातला तुटलेला बोल्ट तुमच्याकडे येणार म्हणे."

"येणार. सरकारी तपासनीस घेऊन येतोय. वॉशिंग्टनला पाठवायच्या आधी पहिली नजर इथे, असं म्हणतो."

"मग नीट बघ. मी झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं ठेवलं होतं गं ते विमान. पण आता मलाच कळेनासं झालंय. रात्रंदिवस आठवतो, कुठे लागलं का, कुठे दणका बसला का. त्या बोल्टनं सांगितलं की मी आपटलं, तर मी टोपी खुंटीला अडकवीन आणि पुन्हा आकाशाकडे बघणार नाही. आणि ओळख म्हणून काही करू नकोस हं."

"मी कधी ओळख बघितली आहे का रे? तू मेलास तरी मी आधी हाडं तपासेन."

तो हसला, पण टोपी काही डोक्यावर घातली नाही.

मंगळवारी सकाळी तपासनीस आला. कॉस्टिगन त्याचं नाव, कॅन्सस सिटीचा. उंच, अबोल, सारखा सूर्यफुलाच्या बिया सोलून खायचा आणि टरफलं शर्टाच्या खिशात टाकायचा. बोल्टचे दोन तुकडे दोन वेगळ्या डब्यांत, कापसात. वेल्डानं डबे बघितले आणि विचारलं, "जुळवून बघितलेत?"

"नाही."

"खरं सांगा."

"बाई, मला तुमच्याबद्दल आधीच सांगितलंय लोकांनी," कॉस्टिगन म्हणाला आणि आपण होऊन हात मांडीवर ठेवून बसला.

मर्लला आत यायची परवानगी नव्हती. तो बाहेर अंगणात आपल्या पिकअप गाडीत बसून होता.

वेल्डानं तुकडा भिंगाखाली घेतला, दिवा तिरका केला आणि डोळा लावला. मग ती हळूच म्हणाली, "अरे देवा, किती सुंदर आहे!"

अंगठ्याएवढा जाड बोल्ट, पण कुठे ताण नाही, कुठे वाक नाही. तुटलेलं तोंड सपाट, आणि त्यावर नुसती चकाकी. पोलादाचा एकेक कण शेजाऱ्यापासून सुटा झालेला, प्रत्येकाच्या बाजू लखलखीत. खडीसाखर फोडल्यावर आत दिसते ना, अगदी तशी. आमच्या धंद्यात ह्या तुटण्याला खडीसाखरच म्हणतात.

"कॉस्टिगन, या, बघा. मर्लनं काही आपटलेलं नाही. आपटलं असतं तर बोल्ट आधी ताणला असता, वाकला असता. हा आतून सुटत गेलाय, शांतपणे. ह्याच्या पोटात हायड्रोजन आहे."

एवढं समजायला मुलाम्याची गोष्ट कळायला हवी. पोलाद गंजू नये म्हणून त्याला टाकीत बुडवून, वीज सोडून कॅडमियमचा मुलामा देतात. मुलामा चढताना पोलाद हायड्रोजन पितं. वरून दिसत नाही, वजनात कळत नाही. म्हणून टाकीतून काढल्यावर चार तासांच्या आत ते भट्टीत घालायचं आणि तेवीस तास भाजायचं, की प्यालेला सगळा हायड्रोजन निघून जातो. उशीर झाला तर तो आत घर करतो, मग भाजून उपयोग नाही. असा बोल्ट फळीवर वर्षभर पडून राहिला तरी काही होत नाही. पण एकदा विमानात बसवून आवळला, अंगावर भार आला, की आतल्या आत चीर चालू लागते. विमान उडत असो, नाहीतर कॉफीच्या वेळेला नुसतं उभं असो, ती चालतच राहते.

कॉस्टिगननं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मुलामा कुठे दिला ह्याला?"

डुएन दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "इथेच," तो म्हणाला. "गेल्या वर्षी. कार्ड आणतो."

टाकीतून एकदम निघालेल्या प्रत्येक घाण्याला आमच्याकडे एक कार्ड असतं. डुएननं ते आणून टेबलावर ठेवलं. टाकीतून बाहेर: साडेअकरा. भट्टीत: दुपारी एक. भट्टीतून बाहेर: दुसऱ्या दिवशी बारा. खाली सही, व्ही. एस.

"सगळं वेळेत आहे," कॉस्टिगन म्हणाला. "व्ही. एस. कोण?"

"मी," वेल्डा म्हणाली. "टाकीवाला सुट्टीवर होता. आठवडाभर मी बघत होते."

"मग प्रश्नच मिटला. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." त्यानं हे अगदी मनापासून म्हटलं आणि कार्ड बाजूला सारलं.

डुएनच्या जिवात जीव आला. "दुसरीकडूनही होतं हे," तो घाईघाईनं म्हणाला. "बसवणाऱ्या मेकॅनिकनं साफ करायला आम्ल वापरलं असेल. किंवा पोलादच मुळात खराब असेल. वेल्डा, असं होतं की नाही?"

"होतं," वेल्डा म्हणाली. पण तिचं लक्ष कार्डावरच्या तारखेवर होतं. जूनचा शेवटचा शुक्रवार.

आता जूनचा शेवट म्हणजे आमच्याकडे काय असतं हे ज्यानं कॅन्ससात एक वर्ष काढलंय त्याला सांगायला नको. गहू उभा असतो, वाळून खडखडीत झालेला, आणि पश्चिमेकडून गारांचा ढग कधी येईल ह्याचा नेम नसतो. अर्ध्या तासात वर्षाचं पीक मातीत. म्हणून त्या दिवसांत कारखान्यात फोन वाजला आणि कुणी "ढग" एवढंच म्हणालं, की माणूस उठून जातो. मालक विचारत नाही. मालक स्वतः मळलेली टोपी घालून आपल्या सासऱ्याच्या शेतावर पळालेला असतो. बँकेतला माणूस जातो, न्हावी जातो, दात काढता काढता दाताचा डॉक्टर जातो. आणि जाण्याआधी हाताशी असलेली कार्डं भरून टाकायची, ही रीतच पडली होती. काम होणारच आहे ना? मग आधी लिहिलं काय, मागून लिहिलं काय.

त्या शुक्रवारी साडेअकराला वेल्डानं सहा बोल्ट टाकीतून काढून रॅकला टांगले. बाराला एल्डनचा फोन आला. "वेल्डा, किंगमनला गारा पडल्या. ट्रक चालवायला माणूस नाही." तिनं हिशेब केला. दोन खेपा, फार तर तीनला परत, साडेतीनपर्यंत वेळ आहे. भट्टीची वेळ नेहमीसारखी, टाकीतून निघाल्यावर दीड तासाची लिहून टाकली आणि पळाली. पण एल्डनचा गहू कापून होतो तोच बांधापलीकडे मर्लची बायको डोरिस हात हलवत उभी. मर्ल विमान घेऊन डेन्व्हरला गेलेला, शेतात ती एकटी. आता तिला काय, माझे बोल्ट वाट बघतायत म्हणून सांगायचं? सहकारी कोठारावर ट्रकांची मैलभर रांग. वेल्डा कारखान्यात परतली तेव्हा सात वाजले होते, केसांत भुसा, तोंडात धूळ, आणि मन इतकं खूश की विचारू नका. दोन्ही शेतांचा गहू वाचला होता. बोल्ट भट्टीत घातले. उशीर झाला हे तिला कळलं होतं, हं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, आणि तीही कधी म्हणाली नाही. तेवीस तास पुरेपूर भाजू, काही होत नाही, असं मनाला समजावलं आणि कार्डावरची एकची वेळ तशीच राहू दिली. त्यानंतर ती ते विसरूनही गेली. एका माणसाचं आयुष्यभराचं काम जिच्या भिंगावर अवलंबून, तिच्या हातून हे झालं होतं.

आणि आता समोर कार्ड. तिची सही. साक्षीला कुणी नाही. डुएननं वाटही काढून दिलेली. मर्ल तर सुटलाच होता, त्यानं आपटलं नाही हे सिद्धच झालं होतं. ठपका कुठल्या तरी मेकॅनिकवर नाहीतर कुठल्या तरी पोलादाच्या भट्टीवर, नक्की कुणावरच नाही. गप्प बसली असती तर काय बिघडत होतं?

मग तिची नजर कार्डाच्या कोपऱ्यावर गेली. नग: सहा.

ती उठली. लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला. भट्टीला एक घड्याळी पेन होतं. गोल कागद चोवीस तासांत एक फेरा घ्यायचा आणि पेन त्यावर तापमानाची रेघ ओढायचं. ते कागद कुणी बघायचं नाही, नियम म्हणून ठेवायचे. तिनं त्या शुक्रवारचा कागद काढून कॉस्टिगनपुढे ठेवला.

"हे मी मागितलं नव्हतं," कॉस्टिगन म्हणाला.

"माहीत आहे. रेघ बघा. सात वाजेपर्यंत भट्टी गार आहे. मी आधी लिहिलं आणि मागून घातले. साडेसात तास झाले होते."

"वेल्डा, अगं..." डुएन पुढे आला.

"तू थांब, डुएन. कॉस्टिगन, माझं काय करायचं ते सावकाश करा. पण बोल्ट सहा होते. हा एक. उरलेले पाच कुठे आहेत ते आधी शोधा. आत्ता, ह्या मिनिटाला!"

कॉस्टिगननं तिच्याकडे बघितलं, खिशातली टरफलं टेबलावर रिकामी केली आणि फोन उचलला.

दोन बोल्ट आमच्याच गोदामात, पिशवीत निघाले. एक गार्डन सिटीला, विमान हँगरमध्ये. एक ॲमरिलोला, तेही जमिनीवर, त्यांना हात जोडून सांगितलं की हलवू नका. सहावा तीन आठवड्यांपूर्वी एका विमानाच्या उजव्या पायात बसवलेला. ते विमान अर्ध्या तासापूर्वी डेन्व्हरहून सुटलं होतं, सलायनाला यायला. आत नऊ प्रवासी.

वेल्डा भिंतीला टेकली.

"परत वळवा ना!" डुएन म्हणाला.

"वळवून कुठे जाईल? उतरावं तर लागेलच ना कुठेतरी," कॉस्टिगन म्हणाला. "सलायनाची धावपट्टी लांब आहे, तिथेच येऊ दे. मी निघतो."

"मी येणार," वेल्डा म्हणाली. त्यानं नाही म्हटलं असतं तरी ती गेलीच असती.

अंगणात मर्ल गाडीला टेकून उभा होता. वेल्डा त्याच्यासमोर जाऊन थांबली. तिनं इकडचं तिकडचं काही केलं नाही, एका दमात सांगितलं.

"मर्ल, तू आपटलं नाहीस. बोल्ट माझ्यामुळे तुटला. गेल्या वर्षी गव्हाच्या दिवशी मी तो वेळेत भट्टीत घातला नाही आणि कार्डावर खोटी वेळ राहू दिली. तसाच एक आत्ता हवेत आहे, नऊ माणसं घेऊन. सलायनाला उतरतोय."

मर्ल गाडीपासून सरळ झाला. मग म्हणाला, "कुठला शुक्रवार? डोरिस एकटी होती तो?"

"तो."

"माझ्या शेताच्या तीन खेपा केल्या होत्यास तू."

"त्याचं काय आता?"

"त्याचं काय म्हणजे? मी पंधरा दिवस स्वतःच्या हातांकडे बघत घरी बसलोय. मला तुझा राग यायला हवा. आलाच आहे. भयंकर आलाय! आणि तू माझा गहू नेत होतीस. आता हा राग ठेवू कुठे, सांग!" त्यानं टोपी डोक्यावर ओढली. "चल. कॉस्टिगनला म्हणावं गाडी मी चालवतो. ह्यांना हायवेवर चालवता येत नाही, मी बघितलंय."

नव्वद मैल. मर्लनं गाडी कशी चालवली ते सांगत नाही, पोलीस वाचतील. कॉस्टिगन मागे बसून मुकाट्यानं बिया खात होता. वाटेत दोन्ही बाजूंना हिरवा गहू, ओंब्या धरायला आलेला, आणि वेल्डाला तिकडे बघवेना.

सलायनाला आगीचे बंब धावपट्टीच्या कडेला आधीच येऊन थांबले होते. कॉस्टिगन मर्लला घेऊन टॉवरवर चढला. वेल्डाला वर जायचं नव्हतं. ती बंबाशेजारी गवतात उभी राहिली. बंबाच्या रेडिओवर मर्लचा आवाज ऐकू येत होता. विमान सव्वीस वर्षांची एक मुलगी चालवत होती आणि मर्ल तिच्याशी अगदी घरातल्यासारखं बोलत होता.

"घाई नाही, पोरी. उजवा पाय तुझा नाहीच असं समज. डाव्यावर उतर. पंखात हवा आहे तोवर उजव्याला जमीन दाखवायची नाही. कळलं?"

"कळलं. किती वेळ धरू?"

"धरवेल तितका. मग आणखी थोडा."

"आणि नाही धरला गेला तर?"

"तर मी चुकीचं शिकवलं म्हणू. ये."

विमान दिसलं. आधी एक ठिपका, मग दोन दिवे. वारा पडलेला होता. आमच्या कॅन्ससात हेच केवढं नवल! ते खाली आलं, डावीकडे किंचित झुकलेलं, आणि डावं चाक जमिनीला लागलं, इतकं हलकेच की धूरसुद्धा निघाला नाही. मग ते एका पायावर धावत राहिलं. एका पायावर! एवढं मोठं जड धूड, नऊ माणसं पोटात घेऊन, उजवा पंख वर उचलून, वेल्डाच्या समोरून गेलं. उजवं चाक जमिनीच्या वर हातभर तरंगत होतं आणि सावकाश फिरत होतं. वेल्डानं आयुष्यभर तुटलेले पाय बघितले होते. न तुटलेला पाय तिनं असा कधी बघितला नव्हता. रेडिओवर मर्ल म्हणत होता, "धर. धर. धर. शाब्बास. आता जाऊ दे."

उजवं चाक टेकलं. पाय किंचित दबला, थरथरला आणि उभा राहिला. विमान सरळ धावत गेलं आणि थांबलं.

तो बोल्ट मागाहून विमानाला टेकू लावून काढला, वॉशिंग्टनला गेला, फोडून बघितला गेला, आणि त्याचा फोटो वेल्डाला दाखवायला कॉस्टिगन स्वतः पुन्हा विचिटाला आला. चीर जवळजवळ आरपार गेली होती. उरलं होतं ते नखाच्या कोरीएवढं पोलाद. त्या कोरीवर ते उभं राहिलं होतं. वेल्डा फोटोकडे बघत म्हणाली, "एवढंसं होतं, तरी सोडलं नाही त्यानं." तिचा तपासणीचा शिक्का तिनं त्याच्या आधीच टेबलावर काढून ठेवला होता. तो तिला परत मिळाला नाही आणि तिनं मागितलाही नाही. डुएननं तिला कामावर ठेवलं, ती पुढची आठ वर्षं टाक्यांवर होती. गव्हाच्या दिवसांत आमच्या टाक्यांना आता कुलूप असतं, त्याची किल्ली पहिली आठ वर्षं तिच्या गळ्यात असायची. मर्ल पुन्हा उडायला लागला आणि दोन वर्षं तो रविवारी तिच्याशी बोलला नाही. मग एकदा बोलला. लोक असेच असतात आमच्याकडे.

पण हे सगळं नंतर. त्या दुपारी विमान धावपट्टीच्या मध्येच थांबलं, कारण वळवायची सोय नव्हती, आणि शिडी तिथेच लावली. प्रवासी उतरायला लागले. एक गुराखी टोपीवाला, दोन सेल्समन, एक बाई मुलीचा हात धरून. कुणाला काही कल्पना नव्हती, विमान जरा वाकडं उतरलं एवढंच. वेल्डा गवतातून निघाली आणि चालत चालत शिडीपाशी जाऊन उभी राहिली. उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ती बघत होती. सहा, सात, आठ.

शेवटी एक म्हातारी आली, ऐंशीच्या पुढची, काखेत पर्स, हातात भलीमोठी पिशवी, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"ह्या लाल गाड्यांची वरात कशाला काढलीय? आणि मधल्या मध्ये का उतरवताय आम्हांला? माझे गुडघे काय नवे आहेत?" शेवटच्या पायरीवर ती थांबली आणि तिनं वेल्डाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू का रडतेस गं? कुणाला घ्यायला आलीस?"

वेल्डानं बाहीनं डोळे पुसले.

"तुम्हांला."

"मला? मला तर जावई येणार होता न्यायला," म्हातारी म्हणाली. "बरं, आलीच आहेस तर उभी काय राहिलीस अशी? ही पिशवी धर."

वेल्डानं दोन्ही हातांनी ती पिशवी धरली.